सोजाबाईची निमसरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या चाकांना वंगण दिलं ते. माघ महिना होता. सकाळचं ऊन अंगणात उतरलं होतं. मी गाडीखाली टेकू लावला, खीळ काढली, चाक बाहेर ओढलं. सोजाबाईनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि मी वंगण चोपडलं. दुसऱ्या चाकाला ती म्हणाली, "जरा जास्ती लावा, हाई चाक कुरकुर करस." मी म्हणालो, "माले नको शिकाडू." तिनं तोंड फिरवलं, पण चाक सोडलं नाही. दुपारी ती चुलीपाशी बसली, पाणी मागितलं, आणि मी तांब्या भरून वळेपर्यंत कलंडली. दिवस मावळायच्या आत तिला जाळून आलो.

लोक म्हणाले, चांगलं मरण आलं, कोणाला त्रास नाही दिला. त्यात चांगलं काय ते मला कळलं नाही. मला त्या बाईकडून एका माणसाचा पत्ता पाहिजे होता. बारा-पंधरा वर्षं पाहिजे होता. तो न देताच ती गेली.

मी रनाळ्याचा गाडीवान. बैलगाडीवर जन्म गेला. नंदुरबार, विसरवाडी, नवापूर, तापीकाठची गावं, इकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत, सगळे रस्ते माझ्या बैलांना पाठ होते. कोणत्या गावाला पाणी गोड, कोणत्या गावचा पाटील उर्मट, हे मी झोपेत सांगितलं असतं. सोजाबाई मात्र आयुष्यात तीन ठिकाणी गेली. तापीकाठचं माहेर, रनाळं, आणि आमची पोरगी नवापूरला दिली तेव्हा एकदा नवापूर. बाकी तिचा जन्म मिरचीत गेला.

गावाबाहेर एका मारवाडी शेठची मिरचीची पथारी होती. नजर जाईल तिथपर्यंत लाल. बायका ओळीनं गोणपाटावर बसायच्या आणि मिरचीचे देठ खुडायच्या. सकाळी बसलेली बाई संध्याकाळी उठेपर्यंत तिची बोटं पेटलेली असायची. डोळ्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. डोळे आपोआप वाहतात, वाहू द्यायचे. सोजाबाई अशी डोळे वाहत ठेवून बोलायची. नव्या बाईला वाटायचं, हिची गोष्ट फार दुःखाची दिसते. शेजारची ठगुबाई मग तिला सांगायची, "रडू नको वं, आजून काहीच व्हयनं नही."

ही गोष्टीची भानगड मला फार उशिरा कळली. आधी कळला तो तिचा एक बोल. घरात काही वाकडं झालं की ती म्हणायची, "निमसरीमा असं चालत नही." तेली तेलात खोट करायला लागला, तर निमसरीमा असं चालत नही. शेजाऱ्यानं सुनेला मारलं, निमसरीमा असं चालत नही. मी एकदा भाकरीचं ताट सरकवून दिलं, तर ताट उचलताना तेच पुटपुटली. मला वाटलं, तिच्या माहेराजवळचं एखादं खेडं असेल. बायका माहेरचं कौतुक करतातच.

मग एकदा पथारीचा मुकादम रस्त्यात भेटला. गाडी थांबवून मला म्हणाला, "धुडकूआप्पा, निमसरी कोन्ता बाजूले शे हो?"

मी म्हणालो, "काबर?"

"तुन्ही बायको तठली ना? मन्ही बायको रोज तठली गोष्ट करस. म्हने, तठे एक गोमा नावना मानूस शे. भरेल गाडी एक हातवर उचलस."

मी हसलो. त्याला दिसावं म्हणून हसलो. बैल हाकले. या मुलखात माझ्या माहितीबाहेर गाव नाही आणि माझ्या बायकोला असं एक गाव माहीत आहे. त्या गावात एक माणूस आहे. तो गाडी उचलतो. मी गाडी हाकतो.

तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पथारीच्या काट्याच्या कुंपणामागे जाऊन बसलो. बाभळीच्या फांद्या रचलेल्या होत्या, मधून दिसायचं थोडं, ऐकू सगळं यायचं.

सोजाबाईचा आवाज घरी मी कधी ऐकला नव्हता असा होता. घरी ती तीन शब्दांत काम भागवायची. इथं तिनं तीस बायकांसमोर गाव मांडलं होतं. नदीच्या उतारावर बसलेल्या म्हशीसारखा काळा दगड. पुढं देऊळ, त्याच्या घंटेला आत हलणारी लोळी नाही म्हणून लोक ती दगडानं वाजवतात. तेल्याचा घाणा, त्याचा बैल एका डोळ्यानं आंधळा. विहिरीचा रहाट असा ओरडतो की नव्या सुना पहिल्या दिवशी घागर टाकून पळतात. आणि त्या घाण्यावर कामाला गोमा. मान खाली घालून चालणारा, बोलताना अडखळणारा, डावा कान फाटलेला. गावातली पोरं त्याला चिडवायची. पण कोणाची गाडी दरीत घसरली, विहिरीत कोणी पडलं, रात्री वाघरू गोठ्यात शिरलं, की अंधारातून कोणीतरी यायचा आणि काम करून निघून जायचा. कोण येतो ते निमसरीत कोणालाच माहीत नव्हतं. पाटील लोहारावर संशय घ्यायचा, लोहार पहिलवानावर, पहिलवान आरशात बघून स्वतःवरच. गोमावर कोणी नाही. फक्त पथारीवरच्या तीस बायकांना ठाऊक होतं, आणि आता कुंपणामागे मला.

मला गोष्ट ऐकू आली नाही. मला कान ऐकू आला. फाटलेला डावा कान. असा कान कोणी मनानं सांगतं का? बघितल्याशिवाय?

त्या दिवसापासून मी रस्त्यानं माणसांचे कान बघत चाललो. बाजारात, टपरीवर, स्टेशनच्या मालधक्क्यावर. लोक बोलायचे माझ्याशी आणि मी त्यांच्या कानाशी. शेठच्याच पथारीवर पोती उचलणारा एक हमाल होता, त्याचा डावा कान खरंच तुटका होता. त्याच्याशी मी दोन वर्षं बोललो नाही. त्यानं रामराम केला की मी थुंकायचो. शेवटी कळलं, लहानपणी त्याला कुत्रं चावलं होतं आणि सोजाबाईचं नावही त्याला माहीत नव्हतं. तरी मी त्याच्याकडे नीट बघितलं नाही कधी. चूक केली.

पथारीवर मात्र तिचा दरारा वाढत होता. शेठला आधी हा प्रकार पटला नाही. त्यानं हुकूम काढला, कामात बोलायचं नाही. तीन दिवस बायका मुक्यानं बसल्या. मुक्यानं बसल्यावर बोटांची आग फार कळते, दर थोड्या वेळानं कोणीतरी उठायची हात धुवायला. चौथ्या दिवशी शेठ स्वतः आला. "सोजाबाई, चालू करा तुमचं." आणि पाठ करून तिथंच खाटेवर बसला, वही वाचल्यासारखं करत. निघताना सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "तुमच्या त्या गावात कोणी मिरचीचा व्यापारी आहे का?"

"शे ना," सोजाबाई म्हणाली.

"कसा आहे?"

"आजून ठरनं नही."

दुसऱ्या दिवशी बायकांच्या डोक्यावर तागाचं पाल बांधलं गेलं आणि प्यायच्या पाण्याचा माठ आला. ठगुबाई हे सांगताना अजून मांडीवर थाप मारते. मला तेव्हा ते ऐकून राग आला होता. शेठसमोर असं बोलायची हिंमत हिला कोणी दिली? मला वाटलं, त्या गोमानंच.

शेवटी मी ते गाव शोधायला निघालो. घरी सांगितलं, पोरीला भेटून येतो. ती म्हणाली, "पोरीले मिरची न्या," आणि गाठोडं बांधून दिलं. नवापूरला पोरीच्या घरी एक रात्र राहिलो, गाठोडं टाकलं आणि परत येताना विसरवाडीला रात्रीपुरती गाडी सोडली. सोजाबाईनं बायकांना रस्ता सांगितलेला मी ऐकला होता. विसरवाडीच्या फाट्यावरून, सकाळचं ऊन उजव्या गालावर घ्यायचं आणि बैलांना एकदा पाणी लागेल एवढं चालायचं. असा रस्ता गाडीवानाशिवाय कोण सांगतो? हे मला खटकायला पाहिजे होतं. खटकलं नाही. मला वाटलं, गोमाच गाडीवान असेल.

फाट्यावर चहाच्या टपरीत विचारलं. टपरीवाला म्हणाला, निमसरी नाव ऐकलं नाही. सुरतेकडचा एक ट्रकवाला बसला होता, तो म्हणाला, "काका, आ नाम तो कोई दिवस सांभळ्युं नथी." त्याच्या सोबत्यानं विचारलं, "कोणाकडे जायचं आहे?" मी म्हणालो, "एकाचा हिशेब चुकता करायचा आहे." तो सरकून बसला.

ऊन उजव्या गालावर घेऊन निघालो. आणि बैलांना पाणी लागायच्या वेळेला नदी आली. नदीच्या उतारावर काळा दगड होता. बसलेल्या म्हशीसारखा.

 मी गाडीतली कुऱ्हाड काढून हाताशी ठेवली. नदी ओलांडली. पलीकडे काहीच नव्हतं. पळसाची झाडं आणि एक मेंढपाळ. देऊळ नाही, घाणा नाही. त्याला विचारलं, "लोळी नसलेली घंटा कोणत्या देवळात आहे?" तो म्हणाला, ती तर पार नवापूरच्या अंगाला. एका दिवसाची वाट, उलट्या दिशेला.

मी दगडापाशी येऊन बसलो, भाकरी सोडली. दोन घास खाल्ले आणि तिसऱ्या घासाला मला आठवलं. ही घंटा मीच बघितली होती. नवापूरहून येताना. घरी येऊन पाय धुताना सोजाबाईला सांगितलं होतं, लोक येडे आहेत, देवाला दगड मारतात. आंधळ्या बैलाचा घाणा तापीकाठच्या एका गावातला, तोही मीच सांगितलेला. ओरडणारा रहाट डोंगराखालचा. हा म्हशीसारखा दगड, ऊन उजव्या गालावर, सगळं माझ्या तोंडचं. मी घरी आलो की बडबडायचो आणि विसरायचो. ती पाणी ओतता ओतता ऐकायची आणि हूं सुद्धा करायची नाही. मला वाटायचं, बाई बहिरी आहे. तिनं माझा मुलूख तुकड्या तुकड्यानं उचलून नेला होता आणि एका जागी बसवला होता.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. अर्धा कोस बरं वाटलंही. मग आठवलं, गोमा मी सांगितलेला नाही. फाटक्या कानाचा, अडखळत बोलणारा, असा माणूस मला कोणत्याच रस्त्यावर भेटला नव्हता. गाव माझं. मग हा कोणाचा?

घरी पोचलो तेव्हा ती अंगण सारवत होती. मी बैलसुद्धा सोडले नाहीत.

"कोठे गयथात इतला दिन?" तिनं विचारलं.

"निमसरी देखाले."

 तिनं शेणाच्या हातानंच पदर तोंडावर घेतला. हसत होती.

"सापडनी?"

"तुकडा तुकडा सापडनी. दगड सापडना. घंटा सापडनी."

"मंग? तुमनंच शे ते."

"आनि गोमा?" मी म्हणालो. "तो मी सांगेल नही."

तिचं हसू गेलं. राहिलेलं अंगण तिनं सारवून पूर्ण केलं, कोपऱ्यापर्यंत.  मग उठली आणि म्हणाली, "गाव तुम्ही दिधं. मानूस मन्हा शे."

"मन्हा म्हंजे कोन?"

"मन्हा म्हंजे मन्हा," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

एवढंच उत्तर. मी ते किती वेळा उलटंसुलटं करून बघितलं. माहेरच्या बाजूचा कोणी असेल का? पण तिला मामानं वाढवलेलं, मामा मेला, विचारायला माणूस उरला नव्हता. तिला मारावं असंही मनात आलं. कधी मारलं नव्हतं, तेव्हाही नाही मारलं. मी वेगळी शिक्षा दिली. बोलणं बंद केलं. रस्त्यावरचं काही सांगायचं नाही. घरी यायचं, पाय धुवायचे, गिळायचं, झोपायचं. बघू, आता गाव कशावर चालतं.

तिनं एकदाही विचारलं नाही, आज काय बघितलं. दिवाळीनंतर हे सुरू झालं. आठ-दहा दिवसांनी ठगुबाई मला वाटेत आडवी आली. "आप्पा, निमसरीले काय व्हयनं ठाऊक शे का?"

"माले काय करनं?"

"गावले वेढा पडना. वेशीवर दरवाजा लाई दिधा. कोनी मझार जात नही, कोनी बाहेर येत नही. मीठ सरी गयं. गोमा दाराले हात लावस, पन उघडस नही. बाई म्हनस, दार बाहेरथीन लायेल शे."

दार बाहेरून लावलेलं होतं. कोणी लावलं ते ठगुबाईला माहीत नव्हतं. तीस बायका सगळा हिवाळा त्या दार लावणाऱ्याला शिव्या देत होत्या. पथारीवरून जाताना मला ऐकू यायच्या. माझ्या आईपर्यंत पोचल्या होत्या.

मी दोन महिने टिकलो. मग एका संध्याकाळी नवापूर स्टेशनावरून आलो. तिथं एक उंट मालगाडीच्या डब्यात चढायला तयार नव्हता, सात माणसं ढकलत होती आणि तो स्टेशन मास्तरची टोपी चावत होता. असलं बघून माणसानं गप्प कसं राहावं? पाय धुताना मी पाण्याकडे बघून म्हणालो, "आज एक उंट देखा."  तिनं पाणी ओतणं थांबवलं. मी पुढचं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निमसरीच्या वेशीतून उंट आत शिरला. पाठीवर मीठ होतं म्हणे.

तिथून पुढं मी सांगायचं थांबवलं नाही. पण संशय सोडला असं कोणी समजू नये. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा पथारीवर बायकांनी विचारलं, निमसरी गुजरातेत गेली की महाराष्ट्रात? सोजाबाई म्हणाली, "सरकारले सापडनी नही." सगळ्या हसल्या. मी कुंपणामागे होतो, मला हसू आलं नाही. सरकारला सापडत नाही, मला सापडत नाही, हिला एकटीला सापडते. मी रोज नवं काहीतरी आणून त्या गावात टाकत होतो, विहिरी, झाडं, भांडणं, उंट. आणि त्यात राहत होता तो गोमा. माझ्या आणलेल्या विहिरीचं पाणी पीत होता. कधीकधी मी मुद्दाम वाईट बातमी आणायचो. पूल खचला, विहीर ढासळली, गाडीखाली माणूस गेला. वाटायचं, यातून तरी तो मरेल. तो सगळ्यातून उठायचा. अंग झटकायचा, घाण्यावर जाऊन मान खाली घालून बसायचा.

तिचं वय झालं. बोटं वाकडी झाली, मिरचीनं नखं गेली. शेठ म्हणाला, देठ नका खुडू, नुसत्या येऊन बसा. तिला ते पटलं नाही. म्हणाली, हात चालला नाही तर तोंड चालत नाही. शेवटच्या पावसाळ्यात विसरवाडीकडची नदीवरची एक फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, पुरात वाहून जाताना मी बघितली होती. ती तिनं जपून ठेवली आणि माघात बाहेर काढली. नदीला पूर, फरशीवर वऱ्हाडाच्या गाड्या अडकलेल्या, आणि गोमा पाण्यात उतरून खालून फरशी धरून उभा. नाकापर्यंत पाणी. गोष्ट इथवर आली, संध्याकाळ झाली आणि ती उठली. हे मी नेहमीच्या जागेवरून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्या दिवशी आम्ही गाडीला वंगण दिलं.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मला घरात बसवेना. तिचं गोणपाट आणि पाटी पथारीवर पडली होती, ती आणायला गेलो. मुकादम लांबूनच ओरडला, "आप्पा, सुतक शे, मझार नका येऊ." बरोबर होतं त्याचं. मी कुंपणाशी उभा राहिलो. पहिल्यांदाच समोरून.

ठगुबाई गोणपाट घडी करून घेऊन आली. रडून तिचा चेहरा सुजला होता, ते मिरचीचं नव्हतं. तिनं गोणपाट कुंपणावरून टाकलं. गेली नाही.

"आप्पा, एक इचारू? रागे नका भरू."

"इचार."

"गोमा पुरमा शे आजून. तिनी तुम्हले घरमा सांगेल व्हई." तिनं मागं बघितलं. ओळीतल्या सगळ्या बायकांचे हात थांबले होते. "तो वाचना का मरना?"

घरी तिनं मला त्याच्याबद्दल एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, मला सगळं माहीत आहे. 'मरना' एवढा एकच शब्द बोललो असतो तर तो तिथंच बुडाला असता, आणि मग तिचं म्हणून काही मागं उरलं नसतं. मी गोणपाट काखेत घेतलं.

"वाचना," मी म्हणालो.

मागं कोणीतरी श्वास सोडला. ते मला सहन झालं नाही.

"पन हात मोडना त्याना."

"आरे देवा! कोन्ता?"

"जेवना."

ठगुबाईनं आपलाच उजवा हात धरला. "मंग आते गाड्या कशा उचली तो?"

"डावा शे ना," मी म्हणालो. "शिकी जाई."